रंगाचे पैसे थोडे, खरवडण्याचे जास्त

संक्रांतीला पांढरा केलेला ड्रेसिंग टेबलाचा ड्रॉवर होळीपर्यंत गुलाबी झाला. सगळा नाही. मुठीभोवती आणि खालच्या कडेला, धुण्यात कच्च्या रंगाचं फडकं पडल्यावर उमटतात तसे डाग. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "ओल आली असेल ताई, अजून एक हात मारून देतो." दिला मारून. आखाजीपर्यंत तोही गुलाबी. या दोन खेपांचे मिळून २,६०० रुपये गेले, आणि पुढे तो सगळा रंग खरवडून काढायला लागले ते वेगळेच. हा लेख म्हणजे त्या पैशांची वसुली समजा.

टेबल आमच्याकडे आलं सुरतेच्या नानपुऱ्यातल्या एका जुन्या घरातून. घर पाडायचं ठरलं होतं आणि सामान मिळेल त्या भावाला निघत होतं. चार फूट रुंद, दीड फूट खोल, अडीच फूट उंच, खाली चार ड्रॉवर, वर लाकडी चौकटीत आरसा. किंमत ४,५०० रुपये. आमच्या उधन्यापर्यंत टेम्पो आणि दोन हमाल मिळून ८००. देणारे काका दारापर्यंत आले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "असल महोगनी छे, बेन."

इथेच पहिली मेख आहे. सुरतेच्या बाजारात महोगनी हे लाकडाचं नाव आहे, तसंच ते रंगाचंही आहे. पेंटच्या दुकानात स्टेनचं शेडकार्ड मागा. वॉलनट, रोजवूड, टीक यांच्या रांगेत महोगनीही बसलेली दिसेल. खरी महोगनी वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेची. इंग्रजांनी तिची रोपं १७९५ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. आपल्या दक्षिण गुजरातेत मात्र जुन्या घरांतून निघतो तो बहुतेक साग, नाहीतर शिसव. डांगचं जंगल जवळ, आणि तिथल्या सागाला बाजारात 'वलसाडी' म्हणून मान. गायकवाडांनी १९१३ मध्ये बिलिमोरा ते वघई छोटी रेल्वे टाकली तीही या जंगलाकडेच. त्या सागावर लाल-तपकिरी रंग चढवून साहेबी थाट आणायचा, म्हणजे झाली महोगनी.

आपलं काय आहे ते कळायला पैसे लागत नाहीत. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, आणि जिथे पॉलिश कधी पोचलंच नाही अशा जागी काचपेपर चार वेळा फिरवा. पिवळट तपकिरी निघालं, बोटाला किंचित तेलकट लागलं, चामड्यासारखा वास आला तर साग. जड आहे, गडद रेघा आहेत, तर शिसव. लालसर, एकसारखं, त्या मानाने हलकं निघालं तर महोगनी असू शकेल. आमच्या टेबलाचं सगळं अंग सागाचं निघालं, फक्त ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या लाल लाकडाच्या. काकांचं बोलणं चार आणे खरं होतं म्हणायचं.

आणखी एक गोष्ट सुरतेत हमखास बघावी. ऑगस्ट २००६ च्या पुरात या शहराचे तळमजले पाण्यात गेले होते, आणि त्या पाण्यातून निघालेलं बरंच फर्निचर अजून हातोहात फिरतं आहे. मागची फळी आणि पाय बॅटरी लावून बघा. आडवी फिकट रेघ, सांध्यांत वाळलेला गाळ, एका ठराविक उंचीपर्यंत गंजलेले खिळे दिसले तर ते पुराचं. भरीव साग असेल तर पूर खाऊनही उभा राहतो. वर विनियर चिकटवलेलं असेल तर कोपरे फुगलेले असतात, आणि अशा टेबलावर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विनियरचा थर एक मिलिमीटरही नसतो. ऐंशी नंबरचा पेपर जरा जोरात लागला की खालची प्लाय दिसते.

लाकूड कळलं, आता वरचा थर कशाचा आहे तेही कळायला हवं, कारण खर्चाचा आकडा तिथून ठरतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मागच्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्याचं जुनं फ्रेंच पॉलिश. नशीब समजा, ते स्पिरिटनेच उतरतं. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू नाहीतर ऑइलपेंट. त्याला रिमूव्हर आणि मनगट दोन्ही लागणार.

ड्रेसिंग टेबलावर पांढरी वर्तुळं का असतात, हे मला त्या बोळ्यामुळे कळलं. सेंटची बाटली जिथे ठेवतात तिथे स्पिरिट सांडतं आणि चपडा विरघळतो. आमच्या टेबलावर अशी सात वर्तुळं होती. एका कोपऱ्यात कुंकवाचा करंडा वर्षानुवर्षं बसल्याचा लाल ठसा आणि त्याच्या शेजारी खोबरेल तेलाचा तळहाताएवढा काळपट डाग. वर्तुळं पॉलिशबरोबर निघून जातात. तेल जात नाही. ते लाकडात मुरलेलं असतं आणि त्या जागी स्टेन चढत नाही. थिनरने चार-पाच वेळा पुसायचं, प्रत्येक वेळी फडकं नवं घ्यायचं. आमचा डाग तरीही पूर्ण गेला नाही. आता तिथेच कंगवे ठेवते.

आता पैशांकडे. हे भाव मी यंदाच्या हिवाळ्यात उधना, भागळ आणि राजमार्गाच्या बाजूला विचारलेले आहेत. तुमच्याकडे शंभर-पन्नास इकडेतिकडे होतील.

पॉलिशवाले चौरस फुटावर बोलतात, म्हणून आधी आपणच मोजावं. आमची वरची फळी सहा फूट, पुढची बाजू दहा, दोन्ही कडा मिळून साडेसात, आरशाची चौकट आणि पाय धरून साडेतीन. एकूण २७ चौरस फूट. पहिल्या मिस्त्रीने नजरेनेच ४० सांगितले होते. मी टेप काढल्यावर "ड्रॉवरची आतली बाजूही धरली ना" म्हणाला. आतून पॉलिश करायचं नसेल तर आधीच सांगा, नाहीतर ते 'फूट' बिलात येतात.

मजुरी-मालासकट फ्रेंच पॉलिश ६० ते १०० रुपये फूट, मेलामाइन १०० ते १६०, पीयू २०० ते ३५०, आणि डुको म्हणजे पिस्तुलाने मारलेला सपाट रंग २०० ते ३५०. ब्रशने ऑइलपेंट ४० ते ७०. हे सगळे भाव नव्या, कोऱ्या लाकडाचे. जुना थर काढायचा असेल तर फुटामागे ४० ते ६० वेगळे, आणि हे 'वेगळे' काम सुरू झाल्यावर कळतात. शिवाय २७ फुटांचं काम कोणाला नको असतं. मोठ्या फ्लॅटचं काम चालू असलेला माणूस एका टेबलासाठी येतो तो किमान तीन दिवसांची हजेरी धरून. हजेरी ९०० ते १,१००. म्हणून छोट्या कामात फुटाचा भाव विसरावा, रोजावर ठरवावं आणि माल आपण आणावा. मला तरी तेच स्वस्त पडलं.

माल आपण आणण्याचं दुसरंही कारण आहे. रंगाच्या बऱ्याच डब्यांत कारागिरासाठी टोकन किंवा कूपन असतं. त्यात गैर काही नाही, त्याचं ते बक्षीस आहे, टोकन त्यालाच द्यावं. पण तो अमुकच कंपनीचा आग्रह का धरतो आहे, ते आपल्याला माहीत असलेलं बरं. पेंट आणि वॉर्निशवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. छापील किमतीवर पुन्हा 'टॅक्स' लावणाऱ्या दुकानातून डबा परत ठेवून बाहेर पडावं.

खरवडण्यावर थोडं जास्त बोलते, कारण पैसाही तिथे जातो आणि फसवणूकही तिथेच होते. रिमूव्हर लिटरला ४०० ते ५०० रुपये. ब्रशने जाड थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटांत रंग सुरकुततो, मग लांबीच्या पत्रीने तंतूंच्या दिशेने ओढायचा. गॅलरीत नाहीतर गच्चीवर, हातमोजे घालून, स्वयंपाकघरातला गॅस बंद ठेवून. हे महाग वाटतं म्हणून काही कारागीर कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात. पंचवीस-तीस रुपयांत रंग निघतो खरा, पण साग आणि महोगनी दोन्ही त्याने काळवंडतात आणि जुन्या सरसाचे सांधे सुटतात. "सोडा वापरणार का?" हा प्रश्न कामाआधी विचारावा. उत्तरात "काही होत नाही" आलं तर दुसरा माणूस बघावा.

खाली जुना ऑइलपेंट निघाला तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि ती भुकटी लहान मुलांच्या पोटात जाणं वाईट. रिमूव्हर वापरा किंवा वॉटरपेपर ओला करून घासा, आणि मास्क लावा. आमच्या टेबलाच्या मागे पोपटी रंगाचा थर निघाला. कोणाच्या तरी खोलीच्या भिंतीला शोभावा म्हणून मारलेला असणार.

उघड्या लाकडावर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २२० पर्यंत यायचं. मधला नंबर टाळून वेळ वाचवला की आडवे ओरखडे स्टेन लावल्यावर ठळक दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. पेपर २० ते २५ रुपयांना एक. पंधरा लागतील असं धरा.

आता स्टेन की रंग? माझं मत असं, की सगळंच्या सगळं लाकूड उघडं ठेवायचा हट्टही नको आणि सगळं पांढरं करायची हौसही नको. वरची फळी चांगली असते, तिथे स्टेन द्या. अंगावर भेगा, लांबी भरलेली भोकं, बदललेल्या पट्ट्या असतात, तिथे रंग द्या. लांबीवर स्टेन बसत नाही. कारागीर मग स्टेनच सीलरमध्ये कालवून वरून मारतात आणि सगळं एकसारखं चॉकलेटी करून देतात. लांबून छान दिसतं, जवळून लाकडाचे तंतूच दिसत नाहीत. असं करायचं तर मग रंगच का नको, तो अर्ध्या पैशांत होतो.

स्टेनचा अर्धा लिटर ३०० ते ३५० रुपयांत मिळतो आणि आमच्याएवढ्या टेबलाला उरतो. शेडकार्डावरचा रंग आणि आपल्या सागावरचा रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ड्रॉवरच्या तळाला वीतभर जागेत लावून, वाळवून, वर पॉलिशचा हात देऊन मगच ठरवा. नुसती महोगनी आमच्या सागावर विटकरी दिसत होती. तीन भाग वॉलनटमध्ये एक भाग महोगनी घातल्यावर बरी दिसली.

आणि गुलाबी डागांचं कारण. लाल लाकडातले रंगद्रव्य, किंवा कोणीतरी पूर्वी चढवलेला लाल रंग, पाण्याच्या पेंटमध्ये विरघळून वर येतो. ओल कारणीभूत नव्हतीच. वरून कितीही हात मारा, तो येतच राहतो. त्याला अडवतो चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन हात आधी द्यायचे, ते वाळले की प्रायमर, मग रंग. चपडा मेण काढलेला मागा. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू धरत नाही. चपडा-स्पिरिट मिळून ५०० ते ६०० रुपये. माझ्या पहिल्या रंगाऱ्याने एवढे वाचवले होते.

वरच्या फळीला मी फ्रेंच पॉलिश सुचवणार नाही, दिसायला ते कितीही देखणं असलं तरी. कारण पुन्हा तेच, सेंटची बाटली. फळीला पीयू द्या, छोटा पॅक पुरतो. मेलामाइनही चालेल, पण त्याचा उग्र वास आठवडाभर खोलीत राहतो, आणि ड्रेसिंग टेबल असतं झोपायच्या खोलीत. आरशाची चौकट मात्र फ्रेंच पॉलिशची ठेवली. तिला कोणी हात लावत नाही, आणि ओरखडा गेलाच तर कापसाच्या पुरचुंडीने तेवढाच भाग दुरुस्त होतो. अळशीचं तेल वापरलंत तर फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

आरसा शक्यतो बदलू नये. कडेला कलई उडाली असली तरी जुनी काच जाड असते. बदलायचाच तर १०० ते १५० रुपये फूट, कडा उतरवून हवी असेल तर जास्त. "बेल्जियम काच आहे" हे मात्र विकणारा नेहमीच सांगतो, त्याचे जादा पैसे देऊ नयेत. पितळी मुठी कारागिराच्या हाती जाण्याआधी स्वतः काढून डब्यात भरून ठेवा. नव्या पितळी मुठी १५० ते ४०० रुपयांना एक पडतात. जुन्या चिंचेने नाहीतर पितांबरीने अर्ध्या तासात लखलखीत होतात.

मुहूर्ताचं म्हणाल तर सुरतेत काम डिसेंबर ते मार्च करावं. पावसाळ्यात हवेतली ओल पॉलिशमध्ये अडकते आणि वर दुधट झाक येते. गणपतीनंतर दिवाळीच्या घाईत भाव चढतात. दिवाळीला कारागीर गावी गेला की लाभपाचमीच्या आधी फोनसुद्धा उचलत नाही. जानेवारीतही एक गोची आहे. आमच्यासारखं लूमच्या वस्तीत राहत असाल तर हवेत कापडाचा बारीक रोंवा सतत उडतो आणि ओल्या पॉलिशवर बसतो. आम्ही शेवटचे हात रविवारी दिले, शेजारचा लूमचा कारखाना बंद असताना, खिडकीला ओली चादर लावून.

ठरवताना कागदावर चार ओळी लिहून घ्या. किती हात, कोणता माल, किती दिवस, ड्रॉवर आतून की नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तरी चालतं, फोटोसकट. आगाऊ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका आणि शेवटचे हजार रुपये काम वाळल्यावर, आठवड्याने द्या. दुकानाने किंवा ठेकेदाराने पैसे घेऊन हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण त्यासाठी बिल हवं. मी माझ्या २,६०० रुपयांचं बिल घेतलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेचा आमचा हिशेब असा. सुतार दोन दिवस २,२००, ड्रॉवरच्या तळाची प्लाय, सरस, खिळे ६५०. पॉलिशवाला चार दिवस ४,०००. रिमूव्हर दोन लिटर ९००, काचपेपर ३६०, स्टेन ३२०, चपडा आणि स्पिरिट ५५०, पीयू ७००, प्रायमर २४०, हस्तिदंती ऑइलपेंट ४२०, थिनर ३००, ब्रश-मास्क-मोजे २५०. एकूण १०,८९० रुपये. त्यात स्टेन, प्रायमर आणि पेंट मिळून ९८०. पॉलिशवाल्याच्या चार दिवसांतले अडीच दिवस नुसते खरवडण्यात गेले. ते, रिमूव्हर आणि पेपर धरून ३,७६०, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हे अडीच दिवस तुम्ही स्वतः गच्चीवर घालवू शकत असाल तर तेवढे २,५०० वाचतील. सुताराचे आणि पीयूचे वाचवू नका.

विकत घेतल्यापासूनचं सगळं धरलं, फुकट गेलेलेही धरले, तर टेबल १८,७९० रुपयांना पडलं. यात पहिल्या दोन खेपांचे २,६०० नसते तरी चाललं असतं. ड्रॉवर पुढची होळी येऊन गेली तरी अजून हस्तिदंतीच आहेत.